घरच्या वर्कशॉपसाठी थ्री फेज: नवी जोडणी घ्यावी की ड्राइव्हवर भागेल?

सागवान:
घरामागच्या खोलीत गेली चार वर्षं हौसेनं सुतारकाम करतोय. आजवर हातयंत्रं आणि एक छोटा टेबल सॉ यांवर निभावलं. आता एक जुना थिकनेसर, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणारं यंत्र, मिळालाय. बिडाचं भक्कम टेबल, तीन पात्यांचा ब्लॉक, हातानं फिरवला तर बेअरिंगचा आवाजसुद्धा येत नाही. असं यंत्र पुन्हा हाती लागणार नाही म्हणून घेऊन टाकलं. अडचण एवढीच की मोटर थ्री फेज आहे आणि घरात सिंगल फेज.

नेमप्लेटवरचा तेलाचा आणि भुशाचा थर खरवडून जे वाचता आलं ते असं: २.२ किलोवॅट, २३०/४०० व्होल्ट, ८.७/५.० अँपिअर, ५० हर्ट्झ. व्होल्टच्या शेजारी एक त्रिकोण आणि एक इंग्रजी वाय आहे. भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर सिंगल फेजचाच आहे, दीड हॉर्सपॉवरचा. पुढेमागे बँड सॉ घ्यायचं मनात आहे.

तिघांना विचारलं, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. मोटर बदल, कपॅसिटर लाव, सरळ थ्री फेज मीटर घे. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांचा सल्ला हवाय.

पटाशी:
मोटर बदलायच्या फंदात पडू नका. मी एका रंध्याच्या बाबतीत पडले होते. त्याच ताकदीची सिंगल फेज मोटर बहुतेक वेळा आकारानं मोठी येते. मग पायाची भोकं जुळत नाहीत, शाफ्टचा व्यास वेगळा, पुली नवी करा, पट्ट्याची रेषा पुन्हा लावा. माझे दोन रविवार त्यात गेले, आणि चालू होताना मोटर इतका करंट ओढायची की दिवे मिचकायचे.

कपॅसिटरवर मोटर फिरते हे खरं, पण पूर्ण ताकद देत नाही. साधारण दोन तृतीयांश धरा. रिकामी छान फिरेल, रुंद फळी आत गेली की बसेल. थिकनेसरला तर नेमकी तिथेच ताकद लागते.

माझं मत व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह. आत सिंगल फेज द्यायचा, बाहेर थ्री फेज मिळतो. मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा झटकाच नाही. थेट लाइनवर टाकलेली मोटर चालू होताना पूर्ण भाराच्या करंटच्या पाच-सात पट ओढते, तो त्रास संपतो. माझ्या रंध्याला शेवटी जुनी मोटर परत बसवली आणि ड्राइव्ह लावला.

तीन_तारा:
वायरिंगचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सागवान, तुमची नेमप्लेट उत्तम आहे. २३०/४०० चा अर्थ असा की मोटरच्या प्रत्येक वाइंडिंगला २३० व्होल्ट हवेत. ४०० व्होल्टच्या लाइनवर ती स्टारमध्ये (प्लेटवरचा वाय) जोडतात, २३० वर डेल्टामध्ये (त्रिकोण). सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टचा थ्री फेज देतो, ४०० चा नाही. म्हणजे तुम्हाला मोटर डेल्टात घ्यावी लागेल. प्लेटवर ४००/६९० असतं तर मी ड्राइव्हला नाही म्हटलं असतं, कारण ती मोटर २३० वर पूर्ण ताकद देऊच शकत नाही.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. ड्राइव्ह वीज तयार करत नाही. मोटरला लागणारी सगळी शक्ती त्या एकाच फेजमधून आत यायला हवी. २.२ किलोवॅटच्या ड्राइव्हवर इनपुट करंट बघा, वीसेक अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिलेला असतो. प्लेटवर ८.७ वाचून १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, लावाल तर तो पडतच राहणार. त्यात डस्ट कलेक्टरचे सात-आठ अँपिअर मिळवा, कारण थिकनेसर त्याच्याशिवाय चालवणार नाही. म्हणजे तीसेक अँपिअर एका फेजवर, शिवाय घरात कुणी गीझर लावलेला असेल तर तोही. तेव्हा आधी तुमचा मंजूर भार आणि मीटरपासून खोलीपर्यंतची केबल बघा. केबल बारीक आणि लांब असेल तर व्होल्टेज पडेल आणि ड्राइव्ह ‘अंडरव्होल्टेज’ दाखवून थांबेल. दोष मग ड्राइव्हला देतात, असतो केबलचा.

एकाच वेळी दोन मोठ्या मोटरी चालणार असतील किंवा पाच हॉर्सपॉवरच्या पुढे जाणार असाल तर थ्री फेज जोडणीच घ्या. एकटा माणूस एका वेळी एकच यंत्र चालवतो, त्याला ड्राइव्ह पुरतो.

गाभा:
मी जोडणी घेतली आणि समाधानी आहे. माझ्याकडे तीन यंत्रं आहेत, तिघांना तीन ड्राइव्ह घेण्यापेक्षा हेच बरं पडलं. जुने स्टार्टर आहेत तसे चालतात. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, न्यूट्रल. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा एकदम डोळे दिपवायला लागला आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीतला मंद होऊन पिवळा पडला. मुख्य स्विच पाडेपर्यंत फ्रीजमधून जळका वास आला होता. बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिला होता, वायरचं टोक काळं पडून हातात तुटून आलं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की २३० च्या उपकरणांवर जवळजवळ ४०० पर्यंत व्होल्टेज जाऊ शकतं. आता दर सहा महिन्यांनी वायरमनकडून सगळे स्क्रू तपासून घेतो, शिवाय व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारा रिलेही बसवलाय.

दुसरं, सिंगल फेजिंग. तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटर थांबत नाही, उरलेल्या दोनांवर घुंघुं करत फिरत राहते आणि वाइंडिंग जळतं. एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आणि करंट वाढला की ती बंद करणारा, नीट सेट केलेला ओव्हरलोड रिले, दोन्ही लावा.

सागवान:
सगळ्यांचे मनापासून आभार. भार आणि केबल तपासून घेतली. मंजूर भारात जागा आहे, पण खोलीपर्यंतची केबल जाड करावी लागेल. ड्राइव्हचं ठरवलं.

मोटरचा डबा उघडला. सहा खिळे आहेत, तीन-तीनच्या दोन ओळी. एका ओळीचे तिन्ही खिळे पितळी पट्ट्यांनी आडवे जोडलेत. हाच स्टार ना? आणि यंत्रावरचा जुना हिरवा-लाल बटणांचा स्टार्टर तसाच ठेवू का?

तीन_तारा:
हो, स्टारच. पट्ट्या काढून उभ्या लावल्या, म्हणजे वरचा खिळा खालच्याला, अशा तीन जोड्या, की डेल्टा झाला. अर्थची वायर घट्ट बसवा.

जुना स्टार्टर काढाच. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवू नये, मोटर चालू असताना त्यानं लाइन तोडली तर ड्राइव्ह जाऊ शकतो. हिरवी-लाल बटणं हवीत तर ती ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर घ्या. सेटिंग मात्र अशी ठेवा की वीज जाऊन आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, बटण पुन्हा दाबावंच लागलं पाहिजे. पात्यांच्या यंत्राला हे विसरलेलं चालत नाही.

थांबण्याचा वेळ घाईनं दोन सेकंद ठेवू नका. ब्लॉक जड आहे, त्याची गती मोटरमधून परत ड्राइव्हमध्ये येते आणि तो ओव्हरव्होल्टेजवर पडतो. दहा-पंधरा सेकंदांपासून सुरुवात करा. आणि झाकण उघडायचं असेल तर वीज बंद केल्यावर ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं मोजून थांबा. आतले कपॅसिटर भरलेले असतात.

पटाशी:
ड्राइव्ह भुशापासून लांब लावा. माझा पहिला यंत्राच्या अंगावरच होता, सहा महिन्यांत त्याच्या पंख्यात पिठासारखी धूळ घट्ट बसली होती. आता भिंतीच्या पलीकडे आहे. आणि पहिल्यांदा चालू करताना पट्टा काढून ठेवा, मोटर कुठल्या दिशेला फिरते ते आधी बघा.

सागवान:
काल वायरमननं जोडून दिलं. पटाशीताई, पट्टा काढून ठेवला होता ते फार बरं झालं, मोटर उलटी फिरत होती. वीज बंद करून, थांबून, ड्राइव्हच्या बाहेर जाणाऱ्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, सरळ झाली. मग पट्टा चढवला आणि सागाची आठ इंची फळी एकेक मिलिमीटर घेत चार वेळा काढली. दिवे हलले नाहीत, आवाज बदलला नाही, फळीवर हात फिरवला तर कागद मारायची गरज वाटेना. बँड सॉ आला की त्याची नेमप्लेट इथेच टाकतो.