बैलाले पाणी दाखवून येतो (अनुभव धागा)

रिकामा_गोठा: काल संध्याकाळी पीककर्जावरून फोनवर माझा आवाज चढला. ओसरीत बसलेले बाबा उठले, "बैलाले पाणी दाखवून येतो" म्हणाले आणि गोठ्याकडे निघाले. जोडी विकून दोन वर्षं झालीत.

आमच्या घरी ह्या वाक्याचा अर्थ लेकरांनाही कळायचा. भाऊबंदकी असो की अडत्याशी हुज्जत, राग आला की बाबा बादली उचलायचे. परत येईस्तोवर समोरचा अर्धा थंड. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हा आमचा आधीच आठ हजारांनी गेला होता. आई दिवसभर बोलली. बैलांनी त्या दिवशी चारदा पाणी पेलं.

तुमच्याकडे आहेत का अशी माणसं? लिहा.

पऱ्हाटी: दुसऱ्या वर्षीचं सांगा ना राजेहो! सगळ्यांनी दहा हजारांच्या आशेनं घरात भरून ठेवला. आमच्या दोन खोल्या कापसाच्या, आम्ही ओसरीत. लेकरं खाजवून बेजार. शेवटी साडेसातच्या आसपास सुटला. सासरे चुकारा घेऊन आले ते जिलबी घेऊनच. म्हटलं, मामाजी, कशाची? म्हणे, खोली रिकामी झाली त्याची.

वर्धेची_काकू: खाजेवर कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घालायची.

पऱ्हाटी: आता कापूस कुठं काकू, बोंडअळीनं ठेवला तर खाज 😄

धुरकरी: मी उलटं लिहितो. माझे काका असेच शांत. शेजारी दरवर्षी नांगरताना धुरा (बांध) कोरायचा, काका हसून सोडायचे. शेवटी मोजणी आणली तर आमचे चार तास (नांगराच्या ओळी) त्याच्या वावरात. गावात नाव चांगलं, पण सातबाऱ्यावरचं वावर जागेवर भरत नाही. काकू अजून त्या धुऱ्यावर जात नाही.

रिकामा_गोठा: खरं आहे भाऊ. आमचेही दोन तास गेलेत. मोजणीचा अर्ज मी भरलाय, बाबांना सांगितलं नाही.

खंजेरी: घाईत लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे. वडील ग्रामपंचायतीत तीन मतांनी पडले. गुलाल समोरच्याच दारात. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला दोघंही एकाच सतरंजीवर. निवडून आलेला म्हणे, "आज राहू दे, मी वाजवतो खंजेरी." वडील म्हणाले, "मतं पडले बाप्पा, हात नाही पडले."

त्या वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला दोघं एकाच काळीपिवळीनं गेले. ४ वाजून ५८ मिनिटांच्या मौनापर्यंत टिकलं. येताना तिकिटाच्या पैशावरून वाजलंच.

धुरकरी: 😂 हात नाही पडले

तिखट_माय: आमच्या आईला राग आला की ती पाट्यावर ठेचा वाटते. बोलत एक शब्द नाही. त्या दिवशी घरात सगळेच पाणी पाणी करतात, बैल कशाला पाहिजे!

वर्धेची_काकू: हिरव्या मिरचीचा का लाल?

धुरकरी: जोडी कितीला गेली दादा?

रिकामा_गोठा: नका विचारू. घेणाऱ्यानं आकडा सांगितला आणि बाबा बादली घेऊन उठले. भाव झालाच नाही, दिल्या त्याच पैशात.

तिखट_माय: हिरव्या. भाजून घ्यायच्या काकू, फल्ली तेलात.

वर्धेची_काकू: आणि लसूण?