अदृश्य करणाऱ्या गोलाचं गणित: त्रिज्येचा घटकच जुळत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, एम.एस्सी.च्या प्रकल्पाला विद्युतचुंबकीय क्लोकिंग (वस्तूभोवती असं कवच, की लहरी तिला वळसा घालून जातात आणि ती दिसत नाही) घेतलंय आणि पहिल्याच सूत्रात अडकलेय. पेंड्री, शुरिग आणि स्मिथ यांच्या २००६च्या 'सायन्स'मधल्या पेपरातला गोल हाताने सोडवून बघतेय.

कल्पना कळली. ब त्रिज्येचा रिकामा गोल घ्यायचा, केंद्रबिंदूला भोक पाडून ते अ त्रिज्येपर्यंत रुंदावायचं. जुनी त्रिज्या र, नवी स, तर स = अ + क·र, आणि क = (ब − अ)/ब. मॅक्सवेलची समीकरणं तशीच राहतात, परमिटिव्हिटी (पदार्थाचा विद्युतक्षेत्राला प्रतिसाद) आणि पर्मिएबिलिटी (तोच चुंबकीय क्षेत्राला) तेवढ्या बदलतात: जेकोबियन (कुठल्या दिशेला किती पट ताणलं, ते सांगणारं मॅट्रिक्स) गुणिले त्याचा ट्रान्सपोज, भागिले डिटरमिनंट (घनफळ किती पट झालं).

कोन बदलत नाहीत, म्हणून मी जेकोबियनच्या कर्णावर क, १, १ घेतले. त्रिज्येच्या दिशेचा घटक आला क, कोनांच्या दिशेचे दोन्ही १/क. पेपरात कोनांचे १/क हेच आहेत! त्रिज्येचा मात्र (१/क)·(स − अ)²/स². अ = १, ब = २ घातलं तर बाहेरच्या कडेवर दोघांचंही ०.५, आतल्या कडेवर माझं ०.५ आणि त्यांचं शून्य. दोन रात्री गेल्या. छपाईची चूक म्हणावी, तर सगळीकडे हेच सूत्र दिसतं.

शिवाय लांब नळकांड्यासाठी कोनाचा घटक स/(स − अ) देतात. तो आतल्या कडेवर अनंत होतो, गोलात तसं काही होत नाही. का? सरांना विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये घाल. जाणकारांनी उजेड टाकावा.

प्रतिसाद १

छपाई बरोबर आहे. कोन बदलला नाही हे खरं, पण कोन म्हणजे लांबी नव्हे. तोच कोन र त्रिज्येवर छोटा कंस कापतो, स त्रिज्येवर मोठा. म्हणजे त्या दिशेला ताणलं जाण्याचं प्रमाण १ नाही, स/र आहे. कर्णावर क, स/र, स/र घ्या. डिटरमिनंट क·स²/र². त्रिज्येचा घटक मग क·र²/स², त्यात र = (स − अ)/क घाला, पेपरातलं सूत्र हातात.

कोनांच्या घटकांत वरचा (स/र)² खालच्याशी कटतो, म्हणून चुकीच्या जेकोबियननेही तुमचं उत्तर बरोबर आलं. असली चूक सगळ्यात वाईट, अर्धं जुळतं आणि माणूस उरलेल्या अर्ध्यावर शंका घेत बसतो. बाहेरच्या कडेवर जुळलं, कारण तिथे स आणि र दोन्ही ब.

प्रतिसाद २

वरच्यांना +१. नळकांड्याचंही उत्तर त्याच हिशोबात आहे. अक्षाच्या दिशेने काहीच ताणलं जात नाही, त्यामुळे डिटरमिनंटमध्ये स/र एकदाच येतो. कोनाच्या घटकात वर दोनदा. एक उरतो, आणि आतल्या कडेवर र शून्य. गोलात बिंदू फुगतो, इथे अख्खी रेषा.

ड्यूक विद्यापीठात २००६ मध्येच तांब्याचं नळकांडं सुमारे ८.५ गिगाहर्ट्झला झाकलं, तेव्हा हा अनंत टाळायला तडजोड केली. विद्युतक्षेत्र अक्षाच्या दिशेने ठेवलं की तीनच घटक लागतात. त्यांचे गुणाकार तेच ठेवून परमिटिव्हिटी १/क², त्रिज्येची पर्मिएबिलिटी (स − अ)²/स² आणि कोनाची १ अशी वाटणी केली. किरणांची वाट तीच राहते, पण बाहेरच्या कडेवर इंपीडन्स (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर, हवेच्या तुलनेत) १ ऐवजी क होतो. तुमच्या आकड्यांत निम्मा, म्हणजे थोडं परावर्तन आलंच.

गणितवाल्यांकडे ही युक्ती आधीपासून होती बरं का. ग्रीनलीफ, लासास आणि उलमान यांनी २००३ मध्ये कॅल्डेरॉनच्या प्रश्नासाठी, म्हणजे पृष्ठभागावर वीज मोजून आतली वाहकता ओळखण्यासाठी, अशीच उदाहरणं दिली: आत काय आहे ते बाहेरून ओळखूच येत नाही. बिंदूऐवजी छोटासा गोल फुगवला तर आतल्या कडेवरचं शून्य जातं (नळकांड्यात रेषेऐवजी बारीक नळी घेतली तर अनंतही) आणि वस्तू त्या छोट्या गोलाएवढीच 'दिसते'.

धागाकर्ती

जुळलं! स = १.५ ला ०.२२२, दोन्हीकडून. एक शेवटची शंका: घटक १च्या खाली म्हणजे लहरीचा वेग प्रकाशापेक्षा जास्त झाला ना?

प्रतिसाद १

फेज वेग (लहरीच्या शिखरांचा), हो. संकेताचा नाही. पण त्यासाठी पदार्थ डिस्पर्सिव्ह (वारंवारतेनुसार गुणधर्म बदलणारा) असावाच लागतो, म्हणून आदर्श कवच एकाच वारंवारतेवर चालतं. प्रकल्पात हे लिहाच, तोंडी परीक्षेत हमखास विचारतील.