मदत हवी आहे: पीक डिस्ट्रिक्टमधे डोंगरात पळायला रूट (धुक्यात न हरवता)

नमस्कार मंडळी,

मँचेस्टरला येऊन आठ महिने झाले. मूळची सातारची, यवतेश्वर घाटात पळायची सवय, सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केलीये, त्यामुळे चढाची भीती कधी वाटली नाही. इथे आल्यावर कळलं की ट्रेनने पाऊण तासात पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातल्या एडेल गावी उतरता येतं आणि स्टेशनबाहेर पडलं की समोर डोंगरच. किंडर स्काउट ६३६ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. म्हटलं दीड तासात वर जाऊन खाली येऊ. तिथेच चुकले.

मागच्या शनिवारी ग्राइंड्सब्रुकच्या ओढ्याकडेने वर गेले. खाली छान ऊन होतं, शेवटच्या टप्प्यात मोठाल्या दगडांवर हात टेकत चढावं लागलं आणि वर पोचते तर धुकं. वर टोक असं काही नाहीच, नुसतं सपाट पठार, काळीभोर मऊ पीटची (कुजलेल्या झाडपाल्याची) माती आणि तिच्यात पाण्याने पाडलेले चर, काही तर माझ्या डोक्याच्या वर. एकदा चरात उतरलं की आजूबाजूचं काही दिसत नाही, चर वळत वळत कुठे नेतोय तेही कळत नाही. फोनवर रूट होता पण गारठ्यात बॅटरी ३० टक्क्यांवरून एकदम बंदच पडली. पाऊण तास मी तिथेच फिरत होते, एका चरात स्वतःच्याच बुटांचे ठसे दिसले तेव्हा पोटात गोळा आला. बोटं इतकी गार की जॅकेटची चेन लागेना. सिंहगडावर वाट चुकली तर ताकवाल्या मावशींना तरी विचारता येतं, इथे माणूसच नाही.

शेवटी बोलण्याचा आवाज आला तिकडे गेले, साठी-पासष्टीचं जोडपं होतं. काकांच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागदी नकाशा आणि अंगठा नकाशावर आपण आहोत तिथे टेकवलेला, चालतील तसा अंगठा पुढे सरकवायचे. एकदाही अडखळले नाहीत. मला पठाराच्या कडेच्या वाटेवर आणून सोडलं आणि मी रिंगिंग रॉजर नावाच्या खडकाळ धारेवरून खाली आले. घरी फक्त ट्रेन चुकली एवढंच सांगितलंय.

पळणं सोडायचं नाहीये. ऑक्टोबरच्या शेवटी दादा सातारहून येतोय, त्याला घेऊन जायचंय आणि यावेळी माझ्या भरवशावर. तर विचारायचं होतं:

दहा-बारा किमीचा असा रूट आहे का जो धुक्यातही सापडेल आणि स्टेशनला सुरू होऊन स्टेशनलाच संपेल (गाडी नाही आमच्याकडे)? वेळेचा अंदाज कसा बांधता? घाटरस्त्यावर माझा पेस (किमीला लागणारा वेळ) मला पाठ आहे, इथे दहा किमीला दुप्पट वेळ लागतोय. आणि वाट थेट लोकांच्या शेतातून, गाईंमधून जाते, तिथून पळलेलं चालतं का? आपल्याकडे कुणाच्या शेतात शिरायचं तर आधी हाक मारतो, इथे फाटक उघडताना उगीच चोरासारखं वाटतं.

---

डोंगरपायी:

ताई, आधी सुखरूप आलात हे बरं झालं. किंडरच्या पठारावर इथले मुरलेले लोकही धुक्यात चकतात, वाईट वाटून घेऊ नका. पण घरी सांगा. डोंगरात एकटं जाताना कुठून जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी एकाला तरी माहीत हवंच.

तुम्हाला हवा तसा रूट समोरच आहे. एडेल स्टेशनला पाठ किंडरकडे करायची आणि दक्षिणेच्या धारेवर चढायचं. एडेल, हॉलिन्स क्रॉस, तिथून उजवीकडे मॅम टॉर (५१७ मीटर), मग आलात तसंच हॉलिन्स क्रॉसला परत आणि धारेवरून पुढे बॅक टॉर, लूज हिल (४७६ मीटर) आणि खाली होप स्टेशन. एकूण दहा-अकरा किमी, चढाई साधारण ४०० मीटर. धार अरुंद आहे, दोन्हीकडे उतार, त्यामुळे धुक्यातही वाट सुटली की पायाला लगेच कळतं. होप आणि एडेल एकाच लाईनवर, म्हणजे घरी जायची सोय तिथूनच. याच दिशेने पळा कारण वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो, धारेवर तो पाठीशी राहतो. उलटं गेलात तर तोच वारा तोंडावर आणि घाम गार पडतो.

हॉलिन्स क्रॉसला दोन मिनिटं थांबा. एडेलला चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक प्रेतं खांद्यावर घेऊन ही खिंड ओलांडून पलीकडे पुरायला न्यायचे. चढताना दम लागला की मला ते आठवतं.

मॅम टॉरच्या वाटेला फरशा टाकल्यात, ओल्या असल्या की घसरतात. उतरताना टाच रोवून ब्रेक मारायचा नाही, पावलं लहान आणि भराभर, नजर तीन-चार पावलं पुढे. बूट खोल नक्षीचे हवेत, रोडचे चालणार नाहीत. बॅक टॉरचा चढ छोटा पण उभा, तिथे सगळेच चालतात, लाज नाही त्यात.

वेळेसाठी १८९२ पासूनचा नेस्मिथ या गिर्यारोहकाचा हिशोब आहे: दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे या रूटला चालत साधारण पावणेतीन तास. तुम्ही पळून त्याआधी पोचाल, पण सामान आणि उजेड यांचा हिशोब चालण्याच्या वेळेवर करा, कारण पाय मुरगळला तर चालतच यायचंय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो. डोक्याला लावायची टॉर्च, शिट्टी, वॉटरप्रूफ जॅकेट, हातमोजे, जादा बॅटरी हे बॅगेत कायम.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर ओएल १ घ्या. त्यावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट, शेत कुणाचंही असो, तुमचा हक्कच आहे, फाटक मात्र होतं तसंच ठेवायचं. फिकट पिवळा भाग म्हणजे वाट सोडूनही पायी हिंडायची, पळायची मुभा. हे सहज मिळालेलं नाही हो. २४ एप्रिल १९३२ ला याच किंडरवर शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या माळावर हिंडायचा कायदा आला तो २००० साली. तेव्हा चोरासारखं अजिबात वाटून घेऊ नका.

गाईंसोबत वासरं असतील तर पळू नका, चाला, आणि त्यांच्या मधून न जाता लांबून वळसा घाला. वाट सोडावी लागली तरी चालेल.

अडचण आली तर ९९९ ला पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) हवंय असं सांगायचं. फोन लागत नसेल तरी कधीकधी मेसेज जातो, पण त्यासाठी आधी नंबर नोंदवावा लागतो, ९९९ ला register असा मेसेज पाठवला की उत्तर येतं. आजच करून ठेवा. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून परत.

---

धागाकर्ती:

डोंगरपायी, मनापासून आभार. रात्री नवऱ्याला सगळं खरं सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला नकाशाच्या दोन प्रती आण, एक घरी राहील.

नंबर नोंदवला. नकाशा आणला आणि आज ऑफिसमधून येताना फुटपाथवर तो अंगठ्याचा सराव केला, गल्लीबोळात सोपं जातं. कंपास मात्र अजून जमत नाही, सुई उत्तरेला येते पण नकाशा कुठे फिरवायचा तिथे गोंधळ होतो. दादा यायच्या आधी पुढच्या रविवारी एकदा हाच रूट करून बघणार आहे, हवा स्वच्छ असेल तरच, सकाळी नऊच्या सुमारास एडेल स्टेशन. मँचेस्टर किंवा शेफील्डकडचं कुणी येणार असेल आणि कंपास शिकवणार असेल तर इथे लिहा, पेस तुमचा चालेल. शेंगदाण्याचे लाडू मी आणते.