आंबोलीत प्यायलेला पातीचा चहा घरी तसा का होत नाही?

प्रश्न (मालवण):
गेल्या श्रावणात आम्ही आंबोलीला गेलो होतो. हिरण्यकेशीचा उगम पाहून परतताना पावसाने गाठले, म्हणून वाटेवरच्या एका घराच्या पडवीत थांबलो. तिथल्या आजींनी परसातून गवती चहाची पात कापून आणली, तिची जुडी दुमडून गाठ मारली आणि आले व गूळ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकून वर झाकण ठेवले; चहापूड आणि दूध त्यात मुळीच नव्हते. पेला तोंडाशी नेताच लिंबाच्या सालीसारखा वास आला आणि अंगातली हुडहुडी गेली. आमच्याही परसात गवती चहाचे ठोंब आहे, पण मी केलेला चहा कडवट होतो आणि त्याला ओल्या गवताचा वास येतो. शिवाय आजींच्या चहात एक निराळा गोडसर सुवास होता आणि पेल्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी तांबूस काडी राहिली होती. ती कशाची असावी?

उत्तर (सावंतवाडी):
आपण पात फार वेळ उकळत असाल. तिचा वास सिट्राल या घटकामुळे येतो. लिंबाच्या सालीतही तोच असतो, म्हणून आपल्याला ती आठवण झाली. तो वाफेबरोबर उडून जातो आणि पातेल्यात गवताची चव तेवढी उरते. आधी आले चांगले उकळू द्यावे, मग पात घालून एक उकळी येताच गॅस बंद करावा आणि झाकण न उघडता ५ ते ७ मिनिटे थांबावे. पात बारीक कातरू नये. गाठ मारलेली जुडी अखंड बाहेर काढता येते. कापताना मात्र हात जपा, तिची कड बोट चिरते. काडी बहुधा दालचिनीची असावी.

उत्तर (कुडाळ):
दालचिनीची साल असते, त्यामुळे तिचा तुकडा वळलेला आणि आतून पोकळ दिसतो. आपली काडी भरीव असेल, तर ते उपळसरीचे, म्हणजे अनंतमुळाचे मूळ असण्याचा संभव अधिक आहे. त्याला व्हॅनिलासारखा गोड वास असतो आणि आमच्या घरी पावसाळ्यात ते काढ्यात घालतातच. एक कळकळीची विनंती आहे : हे मूळ रानातून स्वतः उपटून आणू नका. मुळासकट उपटली की वेल संपते, आणि अनोळखी माणसाच्या हाती भलतेच मूळ लागण्याचा धोकाही आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ते वाळवलेले मिळते.

प्रश्नकर्ता (मालवण):
दोघांचाही मनापासून आभारी आहे. काडी भरीवच होती, मी ती दाताखाली धरून पाहिली होती. काल उपळसरी आणून आल्याबरोबर उकळली, पात शेवटी घातली आणि झाकणाला हात लावला नाही. कडवटपणा गेला. आईने स्वयंपाकघरात येऊन विचारले, “लिंबू कोणी चिरले?”