मदत हवी आहे: एफडी_इन्स्टॉल झाल्यावर कॉपी_टू_यूजर फसलं, तर एफडी मागे कसा घ्यायचा?

मंडळी, लिनक्ससाठी एक छोटा ड्रायव्हर लिहितोय. एका आयऑक्टलमधून (ड्रायव्हरला आदेश देणारा सिस्टम कॉल) युजरस्पेसला, म्हणजे साध्या प्रोग्रॅमला, नवा फाइल डिस्क्रिप्टर (एफडी, उघड्या फाइलचा आकडा) द्यायचाय, पण तो स्ट्रक्टमध्ये इतर फील्ड्ससोबत जाणार. क्रम असा ठरवलाय: गेट_अनयूज्ड_एफडी_फ्लॅग्स (मोकळा आकडा राखायला), मग अ‍ॅनॉन_आयनोड_गेटफाइल (फाइल बनवायला), मग एफडी_इन्स्टॉल (फाइल प्रोसेसच्या टेबलात त्या आकड्यावर टाकायला) आणि शेवटी कॉपी_टू_यूजर (स्ट्रक्ट युजरस्पेसला पाठवायला). कॉपी फसली तर पुट_अनयूज्ड_एफडी (राखलेला आकडा सोडायला) आणि एफपुट (फाइलचा रेफरन्स सोडायला) केलं की पुरे ना? की क्लोज_एफडी लागेल?

प्रतिसाद: जुना_खांब
दोन्ही नकोत. एफडी_इन्स्टॉल झालं की फाइल टेबलात गेली आणि तुमच्याकडचा रेफरन्सही तिच्यासोबत गेला. पुट_अनयूज्ड_एफडी फक्त बिटमॅपमधला बिट पुसतं, टेबलातला पॉइंटर तसाच राहतो. वर एफपुट केलंत की तो पॉइंटर मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवत बसतो. व्हीएमवेअरच्या व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच होतं: सीव्हीई-२०२२-२२९४२ ही सुरक्षा त्रुटी. लोकल युजरला त्यातून जास्तीचे अधिकार मिळवता येत होते, आणि कॉपी फसवायला चुकीचा पत्ता दिला की झालं.

क्लोज_एफडीही धोक्याचं. मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने तो एफडी बंद करून त्याच आकड्यावर वेगळी फाइल उघडली असेल, तर तुम्ही भलतीच फाइल बंद कराल.

म्हणून आधी आकडा राखून ठेवा, फाइल बनवा, कॉपी करा आणि एफडी_इन्स्टॉल सगळ्यात शेवटी. त्यानंतर फसू शकेल असं काहीही नको. त्याआधी काही फसलं तर तुमचीच पुट_अनयूज्ड_एफडी आणि एफपुट ही जोडी बरोबर आहे.

प्रतिसाद: सेमीकोलन
+१. अ‍ॅनॉन_आयनोड_गेटएफडीचा मोह टाळा, ते आतल्या आत इन्स्टॉल करून मोकळं होतं. हल्लीच्या कर्नलमध्ये गेट_अनयूज्ड_एफडीचा क्लास आहे, त्यामुळे फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडलात तरी राखलेला आकडा आपोआप सुटतो. इन्स्टॉल करताना मात्र टेक_एफडी विसरू नका, म्हणजे तो आकडा आपोआप सुटणार नाही. आणि ओ_क्लोएक्झेक (एक्झेक झाल्यावर एफडी बंद करणारा फ्लॅग) द्याच.

धागाकर्ता
आभारी आहे! एक शंका: कॉपी झाली, इन्स्टॉल अजून व्हायचंय, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तो आकडा वापरला तर?

जुना_खांब
टेबलात त्या जागी अजून नल आहे, त्यामुळे रीड किंवा क्लोज केलं तर ईबॅडएफ (असा एफडी नाही, ही एरर). डप२ ने (एफडीची नक्कल ठरावीक आकड्यावर करणारा कॉल) ती जागा बळकवायला गेला तर ईबिझी (जागा अडलेली, ही एरर). खुशाल करू द्या.