संघाच्या कार्यशाळेसाठी खरेदीचा क्रम
मर्यादित निधीतून प्रथम थ्रीडी प्रिंटर घ्यावा, असा सल्ला कार्यशाळा नव्याने उभारणाऱ्या संघांना दिला जातो. रोबोकॉनसारख्या रोबोट बनवण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या महाविद्यालयीन संघासाठी मला हा क्रम उलटा वाटतो. अशा रोबोटची चौकट बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची असते, आणि ती काटकोनात कापून, नेमक्या जागी छिद्रे पाडून जोडता आली नाही, तर छापलेले भाग कितीही सुबक असले तरी चाके एका रेषेत येत नाहीत. म्हणून भक्कम टेबलावर पक्का बसवलेला बेंच व्हाइस (काम करताना वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा), स्टँडसह ड्रिल मशीन, काटकोन तपासण्याचा गुण्या आणि बारीक मापे घेणारा व्हर्निअर कॅलिपर यांवर आधी खर्च करावा. व्हाइस जुना चालेल. कॅलिपर मात्र चांगलाच हवा. सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत प्रत्यक्ष पाहून निवडता येतात.

रोबोटला वीज पुरवणाऱ्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या बाबतीत काटकसर मुळीच करू नये. बॅटरीतील प्रत्येक सेलचे व्होल्टेज समान राखणारा बॅलन्स चार्जर घ्यावाच, कारण ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज झालेला सेल फुगून पेट घेऊ शकतो. चार्जिंग सुरू असताना कोणीतरी जवळ थांबावे आणि कोरड्या वाळूची बादली हाताशी असावी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला जावा.