दातातली खोल कीड सगळी खरवडायची का?
वर कोणीतरी लिहिलंय की खोल कीड असली की कडक डेंटिन (इनॅमलच्या आतला थर) लागेपर्यंत खरवडायचंच, नाहीतर खाली सडत राहतं. मीपण कॉलेजात हेच शिकलो आणि कित्येक पल्प (दाताच्या आतला नसांचा गाभा) स्वतःच्या हाताने उघडे पाडलेत, आता कबूल करायला काय जातंय! दात जिवंत असेल, रात्रीचा ठणका नसेल तर पल्पजवळचं मऊ डेंटिन राहू द्यायचं, खड्ड्याच्या कडा मात्र एक्सकॅव्हेटर (खरवडायचं हत्यार) खरखर वाजेपर्यंत साफ हव्यात, कारण फिलिंगचं सील तिथेच धरतं आणि ते पक्कं बसलं की आतल्या जंतूंची रसद तुटते. आणि वेबिनार नुसते क्रेडिट पॉइंट मिळवण्यापुरते नका हो बघू, काढलेल्या दातावर हात चालवून बघा, किडलेलं डेंटिन ओल्या चामड्यासारखं सोलून येतं तेव्हा कुठे थांबायचं हे स्लाइडवर कळत नाही.